मुलांसाठी कमी पैशांत गेमिंग पीसी: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

वार्षिक परीक्षा संपत आल्या की घराघरांत एकच मागणी सुरू होते, "बाबा, पीसी!" मुलाने यूट्यूबवर पाहून पार्टांची यादीही तयार ठेवलेली असते. त्या यादीतले निम्मे शब्द आईवडिलांना अनोळखी असतात आणि बेरीज मात्र लाखाच्या पुढे गेलेली असते. हे पान अशा पालकांसाठी आहे. पार्टांचे भाव महिन्यागणिक हलतात, त्यामुळे नेमक्या किमतींपेक्षा कोणत्या पार्टावर पैसा टाकायचा आणि कुठे हात आखडता घ्यायचा, यावर भर दिला आहे.

सुरुवात कोणत्या पार्टापासून करायची?

पार्टापासून नकोच, गेमपासून करा. मुलाला किंवा मुलीला समोर बसवून विचारा, "येत्या सहा महिन्यांत नक्की काय खेळणार आहेस?" आणि नावं कागदावर लिहून घ्या. रोब्लॉक्स, साधं माइनक्राफ्ट, व्हॅलोरंट ही हलकी मंडळी. व्हॅलोरंटचं तर गणितच असं बसवलंय की जुन्या, साध्या मशीनवरही ते पळावं. फोर्टनाइट आणि जीटीए ५ मधल्या फळीतले. जीटीए ५ पीसीवर आला २०१५ मध्ये, आज एखादं बेताचं ग्राफिक्स कार्डही (गेमची चित्रं तयार करणारा पार्ट) तो आरामात चालवतं. सायबरपंक २०७७ सारखे गेम मात्र खरोखर जड. एक गंमत माइनक्राफ्टची: मूळ गेम चिमुकला, पण त्यावर शेडर (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारी जोड) आणि शे-दोनशे मॉड (खेळाडूंनी बनवलेले बदल) चढवले की तोच गेम चांगल्या चांगल्या मशीनला घाम फोडतो. म्हणून "माइनक्राफ्ट" एवढंच उत्तर मिळालं तर "मॉडवालं का?" हेही विचारा.

यादीतले चारपैकी तीन गेम हलके निघाले तर तुमचं बजेट तिथेच वीसेक हजारांनी खाली येतं.

तो दिवसभर फोनवर बीजीएमआय खेळतो. तेच मोठ्या स्क्रीनवर हवंय म्हणतो.

मग पीसी घेऊ नका. बीजीएमआय हा फोनचा गेम आहे, एम्युलेटरवर (पीसीवर फोनचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर) खेळायला गेलं तर खातं बंद होण्याची शक्यता असते. त्याचा पीसीवरचा भाऊ म्हणजे पबजी: बॅटलग्राउंड्स. तो जानेवारी २०२२ पासून फुकट आहे, पण वेगळा आणि बराच जड आहे. त्याला तो चालेल का, हे आधी विचारून घ्या.

एकूण किती पैसे काढून ठेवायचे?

नुसत्या डब्याचे, म्हणजे मॉनिटर, कीबोर्ड, माऊस सोडून, ढोबळमानाने दोन टप्पे धरा. चाळीस हजारांच्या आसपास असाल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड न घेता चांगला प्रोसेसर (मशीनचा मेंदू) घ्या. साठच्या आसपास पोचलात तर कार्डाचा विचार करा. मधल्या पन्नाशीत बहुतेक जण अडकतात आणि तिथेच चुकीची खरेदी होते: कार्ड बसवण्यासाठी एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) स्वस्तातला, रॅम (चालू कामाची मेमरी) एकच कांडी, एसएसडी (गेम आणि फायली साठवणारी डिस्क) २५६ जीबीची. त्यापेक्षा आज कार्ड वगळा आणि वर्षभराने घ्या.

कार्ड घेणार असाल तर डब्याच्या बजेटातले ३५ ते ४० टक्के कार्डाला, १५ ते २० टक्के प्रोसेसरला आणि उरलेल्यात बाकी सगळं, असं वाटप गेमिंगला बरं पडतं. दुकानदार नेमकं उलटं करून देतात, कारण "आय७ आहे साहेब" हे वाक्य विकायला सोपं असतं.

रॅमने मात्र हे गणित अलीकडे बिघडवलंय. २०२५ च्या उत्तरार्धापासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या चिपा घाऊक उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले, पाठोपाठ एसएसडीचेही. वर्ष-दीड वर्षापूर्वीचा व्हिडिओ पाहून केलेली यादी आज त्या पैशांत बसणार नाही. मुलगा खोटं बोलत नसतो, व्हिडिओ जुना असतो.

ग्राफिक्स कार्ड नसेल तर गेम चालतात तरी का?

चालतात, प्रोसेसर नीट निवडला तर. एएमडी या कंपनीच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाशेवटी 'जी' असतो त्यांच्या पोटातच बऱ्यापैकी ग्राफिक्स असतं. रायझन ५ ५६००जी हा २०२१ चा, सहा कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरातला एकेक काम करणारा भाग) प्रोसेसर घ्या: व्हॅलोरंट, रोब्लॉक्स, माइनक्राफ्ट तो व्यवस्थित चालवतो आणि जीटीए ५ सेटिंग कमी करून खेळता येतो. नव्या एएम५ सॉकेटवरचा (सॉकेट म्हणजे मदरबोर्डावर, सगळे पार्ट जोडले जातात त्या बोर्डावर, प्रोसेसर बसायची जागा) ८६००जी त्याहून जोरदार आहे, पण त्याला महागडी, नव्या पिढीची डीडीआर५ रॅम लागते.

या प्रोसेसरांना स्वतःची ग्राफिक्स मेमरी नसते, ते रॅममधलीच वापरतात. म्हणून ८ जीबीच्या दोन कांड्या लावायच्याच. १६ जीबीची एकच कांडी लावली की मेमरीकडचा रस्ता अर्ध्यावर येतो आणि गेम दिसेल इतका मंदावतो.

इंटेल की एएमडी?

या बजेटात दोन्ही चांगले आहेत. कार्ड घेणार असाल तर इंटेलकडे आय३-१२१००एफ (चार कोअर) किंवा आय५-१२४००एफ (सहा कोअर), एएमडीकडे रायझन ५ ५६००. ज्या दिवशी जो बोर्डासकट स्वस्त पडेल तो उचला. माझा कल रायझन ५६०० कडे असतो. सहा कोअर आहेत, डब्यात पंखा येतो आणि त्याच बोर्डावर पुढे मोठा प्रोसेसर बसवता येतो.

इंटेलच्या नावाशेवटच्या 'एफ' कडे लक्ष द्या. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. असा प्रोसेसर घेऊन कार्ड "नंतर बघू" म्हणालात तर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही.

आय३ म्हटल्यावर मुलं नाक मुरडतात. त्यांना सांगा, १२१००एफ हा नऊ-दहा वर्षांपूर्वीच्या आय७ ला मागे टाकतो. आय३, आय५, आय७ हे आकडे एकाच पिढीत तुलना करण्यापुरते असतात.

कार्ड कोणतं घ्यावं?

साध्या १०८० पिक्सेलच्या मॉनिटरवर खेळायचं असेल तर एएमडीचं रेडिऑन आरएक्स ६६०० हे बराच काळ माझं पहिलं नाव आहे. कार्ड २०२१ चं, मेमरी ८ जीबी, वीज १३२ वॅट. दुकानात शिल्लक असेल आणि भाव बरा लागला तर डोळे झाकून घ्यावं.

दुसरं नाव एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स ३०५०, ६ जीबीवालं. ते फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं, ७० वॅटच खातं, म्हणून एसएमपीएसमधून वेगळी वायर जोडावीच लागत नाही अशी त्याची बरीच मॉडेलं आहेत. वेगात ते आरएक्स ६६०० च्या मागे आहे. जुन्या ऑफिसच्या मशीनमध्ये टाकायला मात्र याच्यासारखं दुसरं नाही. याच नावाचं एक ८ जीबीचं कार्डही आहे, ते वेगळं आणि जास्त जोरदार. बिलावर कोणतं लिहिलंय ते वाचा.

थोडे जास्त पैसे असतील तर आरटीएक्स ४०६० किंवा इंटेलचं आर्क बी५८०. आर्कमध्ये १२ जीबी मेमरी मिळते, पण त्याला बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) 'रिसायझेबल बार' नावाची सोय चालू असावी लागते. जुन्या मशीनमध्ये ती नसेल तर हे कार्ड निम्म्या दमाने चालतं. नव्या बोर्डावर घ्या, जुन्यावर नको.

टाळायचं म्हणाल तर आरएक्स ६५०० एक्सटी. नाव भारदस्त, पण ४ जीबी मेमरी आणि जोडणीच्या चारच लेन. पीसीआयई ३ च्या (कार्ड आणि बोर्ड यांच्या जोडणीची जुनी पिढी) बोर्डावर किंवा ५६००जी सारख्या प्रोसेसरबरोबर त्याचा वेग आणखी पडतो. शिवाय त्यात व्हिडिओ रेकॉर्ड करणारा एन्कोडरच नाही. तुमच्या चिरंजीवांना स्वतःचं गेमिंग चॅनल काढायचं असणार, तेव्हा हे आधीच माहीत असलेलं बरं.

रॅम किती?

१६ जीबी, ८ च्या दोन. आठवर भागवू नका, बत्तीसची गरज नाही.

एसएमपीएस कॅबिनेटसोबत फुकट मिळतोय. तोच चालेल ना?

नाही. या पानावरचं बाकी काही विसरलात तरी चालेल, हे लक्षात ठेवा.

एसएमपीएस म्हणजे भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन आतल्या सगळ्या पार्टांना १२, ५ आणि ३.३ व्होल्ट वाटून देणारा डबा. कॅबिनेटसोबत येणाऱ्या डब्यावर '४५० वॅट' छापलेलं असतं. पण त्याच स्टिकरवरचा बारीक तक्ता वाचा. त्यात +१२ व्ही असं लिहिलेल्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघा आणि बाराने गुणा. तिथे १४ अँपिअर असतील तर हिशेब झाला १६८ वॅटचा. प्रोसेसर आणि कार्ड दोघं याच बारा व्होल्टवर जगतात, त्यामुळे खरा आकडा हाच. चांगल्या कंपनीच्या ४५० वॅटच्या डब्यावर तिथे ३५ च्या पुढे आकडा सापडतो.

हातात उचलूनही फरक कळतो. स्वस्त डबा पोकळ, हलका, वायरी तारेसारख्या बारीक आणि कार्डाला लागणारा आठ पिनांचा जोड बहुधा नसतोच. मग दुकानातला पोरगा दोन मोलेक्स जोडांना (जुन्या धाटणीचे वीजजोड) एक कन्व्हर्टर लावून देतो आणि म्हणतो, "काही होत नाही." काही महिने खरंच काही होत नाही. नंतर ऐन गेममध्ये मशीन बंद पडायला लागतं आणि एखाद्या दिवशी जाताना सोबत बोर्ड किंवा कार्ड घेऊन जातं.

८० प्लस ब्राँझ लिहिलेला, नावाजलेल्या कंपनीचा, ४५० ते ५५० वॅटचा डबा घ्या. ८० प्लस हा शिक्का वीज किती वाया जाते याचा आहे, दर्जाचा नव्हे. तरी बाजारातला कचरा गाळायला तो उपयोगी पडतो. वॉरंटी पाच वर्षांची देत असतील तर कंपनीलाच आपल्या मालाची खात्री आहे, असं समजायला हरकत नाही. चांगला एसएमपीएस पुढच्या मशीनलाही कामी येतो.

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. पीसी खराब आहे का?

बहुतेक वेळा पीसी ठीक असतो, घराचं अर्थिंग नसतं. प्रत्येक एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे बारीक कपॅसिटर असतात आणि ते अगदी किरकोळ करंट कॅबिनेटच्या पत्र्याकडे सोडतात. तिसऱ्या, जाड पिनमधून तो जमिनीत जायला हवा. पिनेला पलीकडे वायरच नसेल तर पत्रा साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. करंट इतका कमी असतो की नुसत्या झिणझिण्या येतात. पण अनवाणी, ओल्या पायांनी बसलेल्या मुलाला तेही नकोच आणि एसएमपीएसमध्ये पुढे खरा बिघाड झाला तर वाचवणारं काही उरत नाही.

जुन्या चाळी, वाडे, गावाकडची घरं, इथे हा प्रकार सर्रास आढळतो. सॉकेट तीन भोकांचं असतं, आत वायरी दोनच. पीसी घेण्याआधी वायरमनला बोलावून त्या एका सॉकेटला अर्थिंग करून घ्या. टू-पिनचा कन्व्हर्टर लावून तिसरी पिन मोकळी सोडायची, हा उद्योग तर अजिबात नको.

यूपीएस घ्यावाच लागेल का? आमच्याकडे लाइट जाते.

लाइट जात असेल तर घ्या. नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. कार्ड नसलेल्या मशीनला तो पुरतो. कार्ड असेल तर गेम चालू असताना डबा आणि मॉनिटर मिळून अडीचशे-तीनशे वॅट सहज ओढतात. ६०० व्हीए काठावर येतो आणि लाइट गेल्या क्षणी "टुक" करून सगळं बंद. हजार-अकराशे व्हीएचा घेतला तर शांतपणे गेम सेव्ह करून मशीन बंद करायला वेळ मिळतो. यूपीएसवर अर्धा तास खेळणं हा त्याचा उपयोग नाही, हे मुलांना आधी सांगावं लागतं.

घरी इन्व्हर्टर असेल तर पीसी त्याच्या लाइनवर टाकायच्या आधी इन्व्हर्टरची क्षमता पाहा. पंखे आणि दिव्यांसाठी बसवलेला इन्व्हर्टर गेमिंग मशीनने लगेच रडकुंडीला येतो.

एसएसडी ५०० जीबी पुरेल का?

सुरुवातीला पुरेल. जीटीए ५ एकटाच शंभर जीबीच्या घरात जातो, त्यामुळे चार मोठे गेम झाले की एक काढून दुसरा टाकावा लागेल. ही शिस्त मुलांना वाईट नाही. घ्यायचा तो थेट बोर्डावर बसणारा, एनव्हीएमई प्रकारचा. फार वेगवान मॉडेलचा नाद नको, गेम उघडण्यात फरक एक-दोन सेकंदांचा पडतो. घरात जुनी हार्ड डिस्क असेल तर फोटो आणि शाळेच्या फायली तिच्यावर ठेवा.

मॉनिटर कोणता?

घरातला टीव्ही किंवा जुना मॉनिटर असेल तर आत्ता त्यावरच भागवा आणि ते पैसे डब्यात घाला. नवाच घ्यायचा तर २४ इंची, १०८० पिक्सेल, आयपीएस पॅनेल (पडद्याचा एक प्रकार) आणि किमान १०० हर्ट्झ (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं तो आकडा). मूल व्हॅलोरंट मनापासून खेळत असेल तर १४४ किंवा १६५ हर्ट्झचा फरक त्याला खरंच जाणवतो. २७ इंचावर १०८० पिक्सेल जवळून फुटके दिसतात आणि मुलं जवळूनच बघतात.

तिला काचेचं, लायटिंगवालं कॅबिनेटच हवंय.

घ्या की, हौस आहे. पण एवढंच बघा: पुढची बाजू जाळीची हवी. समोरही काच असलेल्या कॅबिनेटमध्ये पंखे तीन असतात, पण हवा आत शिरायला फटच नसते. एप्रिल-मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे खोलीतच चाळीस अंश असताना असा डबा भट्टी होतो, कार्ड तापतं आणि स्वतःचा वेग कमी करून घेतं. जाळीतून धूळ येते हे खरं. दोन महिन्यांतून एकदा ब्रश आणि ब्लोअर फिरवायचं काम मुलीलाच द्या. पंख्याची पाती बोटाने धरून मग ब्लोअर मारायचा, मोकळा पंखा गरागरा फिरवायचा नाही.

कोकणात आणि मुंबईत धुळीपेक्षा दमटपणाचा त्रास. पावसाळ्यात मशीन आठवडेच्या आठवडे बंद ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालू राहिलेलं बरं.

ऑनलाइन 'आय७, १६ जीबी, ४ जीबी ग्राफिक्स' असा गेमिंग पीसी पंधरा-वीस हजारांत दिसतोय. आपण का घेऊ नये?

कारण तो आय७ बहुधा २६०० असतो, म्हणजे २०११ चा. कार्ड जीटी ७३०, ते २०१४ चं. त्यातली ४ जीबी मेमरी इतकी मंद असते की गेमसाठी तिचा उपयोग नसल्यात जमा. बोर्ड नवा कोरा दिसतो, पण बिननावाचा. लाल-निळे पंखे असतात, एसएमपीएस वर वर्णन केला त्याच जातीचा. विंडोज ११ अधिकृतपणे त्यावर चालत नाही.

जाहिरातीत प्रोसेसरचा पूर्ण नंबर दिलेला नसेल तर पुढे वाचायचीही गरज नाही.

मग सेकंडहँड घेऊच नये?

असं मुळीच नाही. थोड्या पैशांत सर्वांत जास्त गेमिंग सेकंडहँडमध्येच मिळतं. माझ्या मते शहाणपणाची वाट अशी: बँका आणि आयटी कंपन्या दर काही वर्षांनी मशीनं बदलतात, तेव्हा डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर हे डबे रिफर्बिश्ड (जुनं तपासून, दुरुस्त करून विकणाऱ्या) बाजारात येतात. त्यातला आय५-८५०० किंवा त्यापुढचा बघा. आठव्या पिढीपासूनचे इंटेल आणि रायझन २००० पासूनचे बहुतेक एएमडी प्रोसेसर विंडोज ११ ला चालतात, ही सीमारेषा सोयीची आहे. त्यात रॅम १६ करा, एसएसडी टाका आणि ७० वॅटवालं आरटीएक्स ३०५० बसवा.

एक अडचण असते. हे डबे तीन आकारांत येतात. उभा टॉवर असेल तर नेहमीचं कार्ड बसतं. आडवा, चपटा असेल तर लो-प्रोफाइल कार्डच लागतं, ते महाग पडतं. पुस्तकाएवढा चिमुकला असेल तर कार्ड बसतच नाही. शिवाय यांचा एसएमपीएस आणि त्याचा जोड कंपनीचा स्वतःचा असतो, बाजारातला सहसा बसत नाही. म्हणूनच कार्ड जादा वायर न मागणारं हवं.

सुटं कार्ड सेकंडहँड घेत असाल तर विकणाऱ्याच्या घरी जाऊन, त्याच्याच मशीनवर वीस-पंचवीस मिनिटं जड गेम चालवून बघा. पडद्यावर रंगीत ठिपके, पट्टे दिसले तर चहा पिऊन परत या. मूळ बिल मागा आणि बिलावरचा सिरीयल नंबर कार्डावरच्या स्टिकरशी जुळवा. मायनिंगमध्ये वापरलेलं कार्ड म्हणजे मेलेलंच, असं नाही, पण त्याचे पंखे आणि थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) थकलेली असतात. भाव त्या हिशेबाने पाडून मागा.

मावशी अमेरिकेत आहे. तिच्याकडून कार्ड मागवू?

आधी त्या कंपनीची वॉरंटी भारतात चालते का ते विचारा. अनेकांची चालत नाही आणि वर्षभराने कार्ड परत अमेरिकेला पाठवणं कुणालाच परवडत नाही. व्होल्टेजची काळजी कार्डाला नसते. एसएमपीएसही बहुतेक आता १०० ते २४० व्होल्टचे असतात, पण स्टिकर वाचल्याशिवाय लावू नका.

विंडोजचं काय? दुकानदार 'टाकून देतो' म्हणतो.

तो टाकून देतो ती बहुतेक वेळा पायरेटेड प्रत असते आणि ती चालू करणाऱ्या क्रॅकमधून काय आत येतं ते कुणी पाहत नाही. त्याच मशीनवर तुम्ही पुढे बँकेचे व्यवहार करणार असता. विंडोज ११ मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवून घेता येतं आणि लायसन्स लावेपर्यंत ते काही सोयी बंद ठेवून चालत राहतं. बजेटात लायसन्सची रक्कम धरा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा नव्या मशीनवर तो टाकण्यात अर्थ नाही.

विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन्ही सोयी बायोसमध्ये चालू लागतात. गेम उघडताना तसा एरर आला तर मशीन बिघडलेलं नाही, ही दोन बटणं बघा. लिनक्स फुकट आहे आणि त्यावर स्टीमचे (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) पुष्कळ गेम चालतात, पण व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट चालत नाहीत. घरात भांडण नको असेल तर आधी यादी तपासा.

कुठून घ्यायचं?

मुंबईकरांना ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड सांगायला नको, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आहे. बाजारात गेलात तर किमान तीन दुकानांत पूर्ण यादीचा भाव लिहून घ्या, एकेका पार्टाचा नको. एक पार्ट स्वस्त सांगून दुसऱ्यात काढण्याची कला तिथे मुरलेली आहे. ऑनलाइन भाव मोबाइलवर उघडा ठेवून बोला, त्याचं कुणाला वाईट वाटत नाही.

"बिल नको असेल तर थोडं कमी करतो," असं ऐकू येईल. पार्टांवर १८ टक्के जीएसटी आहे, मोह होतो. पण वॉरंटी तीन वर्षांची आणि बिलच नाही, तर कार्ड गेल्यावर सर्व्हिस सेंटरला दाखवणार काय? प्रत्येक पार्टाचा सिरीयल नंबर असलेलं पक्कं बिल घ्या आणि खोकी वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर टाका. दुकानदाराने हात वर केले तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

मुलीला स्वतः जोडायचाय. जमेल?

सातवी-आठवीतल्या मुलीला जमतं, शेजारी मोठं माणूस हवं. एक दुपार जाते. जोर लावायची जागा एकच, रॅम बसवताना, तिथे "टक" आवाज येईपर्यंत दाबावं लागतं. प्रोसेसर मात्र नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. एएम४ च्या (५६०० आणि ५६००जी यांचा सॉकेट) प्रोसेसरला खालून केसांसारख्या बारीक पिना असतात. त्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवला की तो आपल्या वजनानेच खाली बसतो. बसला नाही तर उचलून पुन्हा बघायचं.

सगळ्यात चिडचिड होते ती शेवटी, पॉवर बटणाच्या आणि दिव्याच्या त्या दोन-दोन पिनांच्या वायरी लावताना. बोर्डाच्या पुस्तिकेत त्यांचं चित्र असतं. एसएसडीवर बोर्डाचा पत्रा बसणार असेल तर पत्र्याखालच्या पॅडवरची पातळ प्लास्टिकची फिल्म काढायला विसरायचं नाही.

सगळं नवं आहे, तरी गेम अडकत चालतोय!

आधी मागे जाऊन मॉनिटरची वायर कुठे लावली ते बघा. डब्याच्या मागे वरच्या बाजूला, यूएसबीच्या शेजारी उभं एचडीएमआय असतं, ते बोर्डाचं. खाली आडव्या पट्टीवर दोन-तीन जोड असतात, ते कार्डाचे. वायर वरच्यात असेल तर एवढं महागाचं कार्ड नुसतं बसून आहे आणि गेम प्रोसेसर ओढतोय. ही तक्रार मला सर्वांत जास्त वेळा येते.

मग बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम मुकाट्याने २१३३ किंवा २६६६ वर चालत राहते. त्यानंतर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन मॉनिटर खरोखर १४४ हर्ट्झवर आहे का ते पाहा. बऱ्याचदा तो पहिल्या दिवसापासून ६० वर असतो आणि मुलगा मित्रांना १४४ सांगत असतो.

गेम विकत घेण्यात पैसे जातील ना?

जातात, पण आवरता येतात. स्टीमवर किमती रुपयांत असतात आणि यूपीआय चालतो. तुमचं बँकेचं कार्ड खात्यात साठवून ठेवू नका. 'स्टीम फॅमिलीज' मध्ये मुलाचं खातं जोडलं की कोणता गेम, किती वेळ हे ठरवता येतं आणि खरेदीची विनंती तुमच्याकडे येते. मात्र स्टीमचं खातं तेराच्या खालच्या मुलांसाठी नाही. गेम आवडला नाही तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर स्टीम पैसे परत करतं. एपिक गेम्स स्टोअर आठवड्याला फुकट गेम देतं, २०२० मध्ये त्यांनी जीटीए ५ सुद्धा दिला होता.

जीटीए ५ ला युरोपचं १८ वर्षांवरचं रेटिंग आहे, व्हॅलोरंटला १६, फोर्टनाइटला १२, माइनक्राफ्टला ७. पाचवीतलं पोर "सगळे खेळतात" म्हणतं तेव्हा हे आकडे हाताशी असू द्यावेत. आणि पीसी हॉलमध्ये ठेवा, दार लागणाऱ्या खोलीत नको.

दोन वर्षांनी हा जुना झाला तर सगळं फेकायचं का?

नाही, तसं घ्यायचंच नाही. आज ५६००जी वर कार्डाशिवाय सुरू केलंत तर पुढच्या वर्षी कार्ड टाका, म्हणूनच एसएमपीएस आजच ५५० चा घ्या. नंतर त्याच एएम४ बोर्डावर आठ कोअरचा रायझन ७ ५७००एक्स बसतो, फक्त आधी बायोस अपडेट लागतो का ते पाहावं. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटच्या (वरचे १२१००एफ, १२४००एफ ज्यात बसतात त्या) बोर्डावर बारा, तेरा आणि चौदा या पिढ्या चालतात, पुढच्या नाहीत. पैसे जास्त असतील आणि पाच-सहा वर्षांचा विचार असेल तर एएम५ घ्या. तो सॉकेट २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही चालवू, असं एएमडीने सांगितलंय.

काढलेला प्रोसेसर किंवा कार्ड बिल आणि खोक्यासह विकलं तर चांगले पैसे येतात. खोकी माळ्यावर टाका म्हटलं ते यासाठीही.